हवेवरची रायफल

१ मार्च, शनिवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. डायरी नवीन, पेन नवीन, निश्चय जुनाच. रोज लिहायचं, खरं लिहायचं, कोणाला दाखवायचं नाही. वजनमापं तपासणाऱ्या माणसाला खोटं लिहिणं तसंही जमत नाही. एकवीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन लोकांचे तराजू पकडतोय.

मुख्य बातमी. कन्येला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. दोन एप्रिलला निघणार. आनंद आहे. ऐकल्यावर हातातला टोस्ट चहात पडला, ते लोणी जास्त झाल्यामुळे.

जायच्या आधी, तीस तारखेला, रविवारी, निरोपाची एअरसॉफ्ट मॅच, म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळ्यांची लुटुपुटीची लढाई. कन्येची टीम विरुद्ध मेहुण्याची टीम. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, डायरी नवीन आहे. कन्येच्या टीममध्ये चार जण. त्यातली दातांची डॉक्टर परवा जिन्यावरून घसरली, पाय मुरगळला. म्हणजे एक जागा रिकामी. मी लगेच म्हटलं, मी आहे ना. कन्या पाणी पीत होती. तो ग्लास संपवला, आणखी एक भरून घेतला, तोही संपवला, आणि म्हणाली, बघू. विचार करतेय. जबाबदारीची निवड आहे, घाई बरी नव्हे.

चार वर्षांपूर्वी तिनेच मला ह्या खेळात ओढलं. पण स्वतःच्या टीममध्ये एकदाही घेतलं नाही. बापाला घेतलं तर लोक वशिला म्हणतील. तत्त्वाची आहे पोरगी, माझ्यावर गेलीय. पण ही शेवटची मॅच. ह्या एका मॅचला मला तिच्या शेजारी उभं राहायचंय. बाकी काही नको.

२ मार्च, रविवार. दुपारी २

खेळून आलो. बंद पडलेल्या काचेच्या कारखान्याचं आवार, नेहमीचं मैदान. मी मेहुण्याच्या विरुद्ध. (ज्या बाजूला माणूस कमी, तिकडे मला देतात. मागणी असते.) तीन डाव, तिन्ही डावांत एकदाही गोळी लागली नाही. वय चोपन्न, वजन एक्क्याण्णव किलो, ऑफिसच्या काट्यावर, आणि तरीही. चपळाई मुळात अंगात असावी लागते.

खेळाचा नियम साधा. रायफली खऱ्यासारख्या, गोळ्या मोत्याएवढ्या आणि प्लॅस्टिकच्या. गोळी ज्याला लागते त्यानेच हात वर करायचा, ‘लागली’ म्हणायचं आणि मेलेल्यांच्या बाकावर जाऊन बसायचं. पंच नाही, कॅमेरा नाही. सगळा इमानावर चाललेला खेळ. म्हणून तर मला आवडतो. मेहुणा म्हणे, भावोजी, आज तुम्हाला सहा मारल्या. म्हटलं, एक तरी दाखव. वारा होता. एवढ्याशा गोळ्या, कुठल्या कुठे जातात.

मैदानावर मला सगळे ‘अमर’ म्हणतात. लांबून ओरडतात, अमरकाका आले रे. मी हात करतो. तरुण पिढीत आदर शिल्लक आहे.

येताना गाडीत कन्येने रेडिओ बंद केला. मग म्हणाली, बाबा, तुला आवाज येत नाही का? कसला आवाज येणार? माझी रायफल इलेक्ट्रिक. घोडा दाबला की आत मोटर फिरते, मोटरवर दातेरी चाकं फिरतात आणि मिक्सरमध्ये खडे टाकल्यासारखी घरघर सुरू होते. कानाशी तोफ सुटली तरी कळणार नाही. हे तिला सांगता सांगताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोष रायफलीचा आहे. एवढा आवाज करणारा माणूस टीममध्ये घेतला तर सगळ्यांची लपायची जागा फुटणार. पोरगी हेच सांगत होती, फक्त बापाला लागू नये म्हणून आडून आडून. मेहुण्याची रायफल गॅसवर चालते. फुस् करते, संपलं.

निर्णय: रायफल गॅसवर करून घ्यायची. स्वतःच्या हाताने. टीममधली जागा पक्की.

ता.क. दोन्ही मांड्यांवर आणि दंडावर वाटाण्याएवढे निळसर गोल डाग. ही म्हणते दर रविवारी येतात. ऍलर्जी असणार. अंगाला लावायचं तेल बदलून बघतो.

३ मार्च, सोमवार

हिला सांगितलं, घरात गॅसची बाटली येणार आहे. हिने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि म्हणाली, स्वयंपाकघरात एक सिलिंडर आहे तेवढा पुरे, दुसरा आणलात तर मी आणि तो एका घरात राहणार नाही. नीट समजावलं. हा तो गॅस नव्हे. नुसती हवा, दाबून भरलेली. पेटत नाही, वास येत नाही. त्यावर ही म्हणाली, म्हणजे तुम्ही हवा विकत आणणार. म्हटलं, दाबलेली. मग ही उठली आणि खिडकी उघडून ठेवली, म्हणे घ्या लागेल तेवढी.

हिला विज्ञानात गती नाही. शाळेत विज्ञानच शिकवते, पण ते वेगळं.

५ मार्च, बुधवार

इंटरनेटवर सगळं आहे. एक दाढीवाला तरुण रायफल उघडतो, मोटर आणि चाकं काढून टाकतो, त्या जागी गॅसचं इंजिन बसवतो, मुठीतून नळी बाहेर काढतो, नळी पाठीवरच्या बाटलीला. म्हणतो, दोन तासांचं काम. मी सावधपणे अडीच धरतोय. इंजिन आणि बाटली मागवली.

व्हिडिओ अर्धाच पाहिला. पुढचं वायरिंगबद्दल होतं. आपण वीज सोडून चाललोय, मग वायरिंगशी काय देणंघेणं.

ऑफिस: मंडईत एका भाजीवाल्याचा तराजू जप्त. प्रत्येक तोलाला आठ ग्रॅम त्याच्या बाजूने. शपथेवर म्हणाला, साहेब मला माहीतच नव्हतं. सगळे हेच म्हणतात. रोज स्वतःच्या हाताने तोलतो आणि म्हणे माहीत नव्हतं. नोटीस देऊन आलो.

८ मार्च, शनिवार. सकाळी ११.२०

रायफल उघडली. स्क्रू एका ताटलीत, चाकं दुसऱ्या, वायर तिसऱ्या. शिस्त. सव्वाअकराला स्प्रिंग मोकळी झाली.

११.४० स्प्रिंग सापडत नाही.

१२.३० स्प्रिंग पंख्यावर होती. ह्याचा अर्थ ती चांगल्या दर्जाची होती.

संध्याकाळी ६. मोटर बाहेर काढली. एवढीशी मोटर, चार वर्षं काय किंचाळली. बॅटरी आणि चार्जर ऑफिसच्या शिपायाला देऊन टाकायचं ठरवलं. त्याच्या नातवाची खेळण्यातली गाडी आहे, तिला लागेल. माझा विजेशी संबंध संपला. हलकं वाटतंय.

९ मार्च, रविवार

कन्येने सकाळी दार वाजवलं. प्रॅक्टिसला चल म्हणाली. रायफल ताटल्यांमध्ये. म्हणाली, मैदानावर भाड्याची मिळते, घे. मी नुसता हसलो. ऐन मोक्यावर परक्या हत्याराची सवय लावून घेऊ? तिने बुटाची नाडी सोडून परत बांधली. म्हणाली, बाबा, रायफलीचा प्रश्न नाहीये रे. मनाने फार मोठी आहे. माझी धडपड बघवत नाही तिला.

ती गेली. मी आणि ताटल्या. ह्या महिन्यात रविवार उरले तीन.

११ मार्च, मंगळवार

सामान आलं. बाटली काय सुंदर आहे. पाण्याच्या बाटलीपेक्षा जरा मोठी, चकचकीत, वर छोटा काटा. दोन तास पुसली.

संध्याकाळी हवा भरायला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने बाटली बघितली, मला बघितलं, परत बाटली बघितली. मी म्हटलं भर, तीनशे बार दाबापर्यंत. तो म्हणाला, ट्रकच्या टायरला दहा भरतो तेव्हा मी दोन पावलं मागे सरकतो, तीनशेला कुठवर जाऊ ते सांगा. भित्रा आहे. पण पत्ता दिला. समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या टाक्या भरून देणारा एक जण आहे म्हणे.

१२ मार्च, बुधवार

पाणबुड्याकडे गेलो. (नाव पाणबुड्याच ठेवलंय. दुकानभर रबरी पोशाख टांगलेले, आत गेलं की दहा-बारा माणसं लटकल्यासारखी वाटतात.) त्याने आधी विचारलं, पोहता येतं का. म्हटलं, संबंध नाही. मग बाटलीवर हलकेच पाना मारला. टण्. देवळातली घंटा वाजावी तसं स्वच्छ. म्हणाला, धातू एक नंबर आहे. हवा भरली. मग एक जाड रबरी कव्हर दाखवलं, हे घाला, नाहीतर जरा काही लागलं की वाजत राहील. मी नको म्हटलं. एवढी चकचकीत बाटली झाकून ठेवायची तर घेतली कशाला? शिवाय काय लागणार आहे तिला, माझ्या पाठीवर असणार ती.

१५ मार्च, शनिवार

११.२० इंजिन बसवलं. अडीच तास धरले होते, एक तास वीस मिनिटांत झालं. दाढीवाल्याने माझ्याकडे शिकायला यावं.

११.२५ चार स्क्रू उरले. कंपनी जादा देते, ही चांगली पद्धत.

११.३० नळी जोडली, बाटलीची चावी फिरवली. सूं. बंद केली. परत फिरवली. सूं.

११.४५ गळती कुठून ते बघायला साबणाचं पाणी लावतात. हिचा शॅम्पू घेतला.

१२.१० फेस भरपूर. सोफ्यावर, पडद्यावर, थोडा माझ्यावर. रायफलीतून बुडबुडे निघतायत. मोठे, रंगीत. दहा मिनिटं मी नुसता बघत बसलो. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. तेवढ्यात ही शाळेतून आली.

३.०० गळतीचं कारण सापडलं. एक छोटं रबरी वायसर बसवायचंच राहिलं. ताटलीतून गायब. हिला विचारलं. ही शांतपणे म्हणाली, हात धुवायच्या साबणाचा पंप महिनाभर गळत होता, तुम्हाला तीनदा सांगितलं, शेवटी ताटलीत एक वायसर दिसलं ते मी बसवलं, आता गळत नाही. परत मागितलं. नाही म्हणाली. म्हणे ह्या घरातलं ते एकच काम झालंय.

वायसर पाणबुड्याकडून आणावं लागणार.

१६ मार्च, रविवार

नवीन वायसर बसवलं. सूं बंद. पण घोडा दाबला की काहीच होत नाही. कन्या प्रॅक्टिसला एकटी गेली. दंडावर-मांडीवर एकही डाग नाही. दोन रविवार झाले. तेल बदलल्याचा गुण.

१७ मार्च, सोमवार

काहीच होत नाही. हलवून पाहिली, उलटी धरून पाहिली, शेवटी गोड बोलून पाहिलं. कंपनीला तक्रार लिहिली. ऑफिसच्या नमुन्यात, विषय, संदर्भ, जोडपत्र, सगळं. ‘सदर वस्तू जाहिरातीनुसार कार्य करीत नसल्याचे प्रत्यक्ष तपासणीत आढळून आले.’ वाचून माझाच राग वाढला. छान उतरलीय.

१८ मार्च, मंगळवार

सकाळीच मेहुणा आला. मी बोलावलं नव्हतं. हिने बोलावलं असणार. त्याने रायफल हातात घेतली, मुठीत डोकावला आणि विचारलं, भावोजी, बॅटरी कुठाय?

मी म्हटलं, कसली बॅटरी, गॅसची आहे. तो खाली बसला. मग अगदी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं की गॅसच्या इंजिनात हवा सोडणारी झडप असते, ती झडप उघडायला एक छोटीशी बॅटरी लागते. म्हटलं, ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे का बघत होतो. ही आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बराच वेळ आतून कसलातरी आवाज येत होता. खोकला असेल.

ऑफिसात शिपायाकडे बॅटरी परत मागितली. म्हणाला, साहेब, नातवाची गाडी आता अख्ख्या चाळीत सगळ्यात जोरात पळते, कसं मागू? मेहुण्याची जादा होती ती ठेवून घेतली. उसनी नव्हे. तपासणीसाठी.

तक्रारपत्र पाठवलं नाही. पण जपून ठेवलंय, भाषा चांगली आहे.

१९ मार्च, बुधवार. संध्याकाळी ७

चालली. चालली. चालली.

घोडा दाबला आणि फुस्. पाहुण्यांसमोर कोणीतरी शिंक आवरावी, एवढाच आवाज. उशीवर पन्नास गोळ्या झाडल्या, शेजारच्या खोलीत ही फोनवर बोलत होती, तिला पत्ता नाही. मग कॅलेंडरवर झाडल्या. एकवीस ते सव्वीस मार्च उडाले. घरभर फुस् फुस् करत फिरलो. पडद्यामागून आलो, सोफ्यामागून आलो, फ्रिजमागून येताना अडकलो. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, इतकी शांत. चार वर्षांत पहिल्यांदा रायफल चालू असताना मला दुसरं काहीतरी ऐकू आलं.

कन्या ऑफिसातून आली तेव्हा तिला दाखवली. तिने हातात घेतली, दोनदा फुस् केलं आणि खरंच हसली. मग सोफ्यावर बसली, माझ्याकडे बघत. त्याआधी स्वयंपाकघरात मायलेकींची कुजबुज चालली होती, एवढंच ऐकू आलं की ‘जाऊ दे ना गं, चाललीयस तू.’

कन्या म्हणाली, “बाबा, लागली तर लागली म्हणशील?”

मी म्हटलं, “लागली तर म्हणेनच की.”

तिने रायफल माझ्या हातात परत दिली. मग म्हणाली, ये मग तीस तारखेला. एकच अट, दर रविवारी घालतोस ते जाड जाकीट घालायचं नाही. मी मान्य केलं. नाहीतरी बाटलीचे पट्टे त्याच्यावर बसत नाहीत.

घेतलं. मला टीममध्ये घेतलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि जरा नाचलो. शॅम्पूचा फेस अजून कोपऱ्यात होता, त्यावरून घसरलो, काही झालं नाही. सांगत होतो ना, दोष रायफलीचा होता.

२२ मार्च, शनिवार

घरातच सराव. नळी दाराच्या कडीत अडकली, मी पुढे, दार मागे. मग खुर्चीत अडकली. मी हॉलमधून स्वयंपाकघरात गेलो तेव्हा खुर्चीही आली. हिने खुर्चीला बस म्हणून सांगितलं, मला नाही.

२३ मार्च, रविवार

कन्या म्हणाली, एकदा तरी टीमबरोबर प्रॅक्टिसला ये. पण बाटली काल सरावात संपली आणि पाणबुड्या रविवारी बंद. शिवाय गुप्त हत्यार आधी दाखवायचं नसतं. मी घरी बसून जिंकल्यावरचं भाषण लिहिलं. दीड पान. पहिल्या परिच्छेदात मेहुण्याला क्षमा केली आहे.

शेवटचा प्रॅक्टिसचा रविवार होता, हे ती गेल्यावर लक्षात आलं. असू दे. मॅच आहेच.

२६ मार्च, बुधवार

भाजीवाला ऑफिसात आला होता. तराजू दुरुस्त करून आणला. मी पाच वजनं ठेवून तपासला, काटा बरोबर मधोमध. शिक्का मारून दिला. जाताना म्हणाला, साहेब, खरं सांगू, काटा जरा कललेला मला दिसायचा, पण रोज बघून बघून तोच सरळ वाटायला लागला. विचित्र माणूस.

बाटली भरून आणली. पाणबुड्या परत कव्हर, कव्हर करत होता. विक्रेते सगळीकडे सारखेच.

२९ मार्च, शनिवार

सगळं तयार. हिने माझा पातळ टी-शर्ट इस्त्री करून ठेवला. सहसा टी-शर्टला इस्त्री करत नाही ती. म्हणाली, हे बघा, पोरगी बुधवारी चाललीय, एवढं फक्त लक्षात ठेवा. म्हटलं, लक्षात आहे, म्हणून तर जिंकायचंय. ती इस्त्रीची वायर गुंडाळत बसली.

कन्येच्या खोलीत खोकी. एकावर तिने लिहिलंय, ‘नाजूक’. उचलून बघितलं, आत तिची लहानपणची रंगपेटी आणि दगड. दगड कशाला नेतेय ते विचारलं नाही. ओळखीचे होते. शाळेतून येताना दोघं मिळून गोळा करायचो.

३० मार्च, रविवार. सकाळी ६.१५

निघतो. बाटली भरलेली, बॅटरी भरलेली, भाषण खिशात. आज इतिहास.

३० मार्च. संध्याकाळी ५.३०

शिट्टी झाली. कन्येने मला स्वतःच्या डाव्या बाजूला घेतलं. पिंपांच्या रांगेमागून आम्ही दोघं वाकून निघालो. तिची सावली माझ्या बुटावर पडत होती, इतकं जवळ. समोर काचेच्या ढिगाऱ्याआड कोणीतरी हललं. मी फुस् केलं. त्याने हात वर केला आणि बाकाकडे गेला. कन्येने वळून अंगठा दाखवला. ह्यापुढे लिहिलं नसतं तरी चाललं असतं.

आवारात इतकी शांतता होती की मला माझाच श्वास ऐकू येत होता. आणि मग मागून, अगदी माझ्याच पाठीशी:

टण्.

मी इकडेतिकडे बघितलं. पुढे सरकलो.

टण्.

कन्या थांबली. पलीकडचे दोघं पिंपाआडून माना काढून बघायला लागले. मला वाटलं, कारखान्यात कुठेतरी पत्रा असेल. वारा असेल. पण पान हलत नव्हतं.

टण्.

मागच्या भिंतीआडून मेहुण्याचा आवाज आला, भावोजी, तीन वाजले.

सगळे हसले. मी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं. नियमात ‘अंगाला’ असं म्हटलंय, बाटली म्हणजे अंग नव्हे, बाटली हे साहित्य, आणि साहित्याबद्दल नियमात उल्लेख नाही. पाच मुद्दे होते. मग मी कन्येकडे बघितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. खाली मान घालून बुटाने काचेचा एक तुकडा सरकवत होती. मी काय बोलणार हे तिला ठाऊक होतं. चार वर्षं दर रविवारी ऐकलं असणार, आणि चार वर्षं हे असं खाली बघितलं असणार. मी पुढे असायचो, मला कसं दिसणार.

तेवढ्यात दंडावर एक. टप्. लहानसा आवाज, आणि मग चुरचुर. घरघर नव्हती, जाकीट नव्हतं, त्यामुळे नीट कळलं. ही चुरचुर माझ्या ओळखीची होती. ह्याच ऍलर्जीसाठी मी तीन तेलं बदललीत.

मी हात वर केला. “लागली,” म्हटलं. रायफलीएवढाच आवाज आला. पुन्हा म्हटलं, मोठ्याने, “लागली.”

मग कुठल्यातरी पिंपामागून एकाने टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच, दोन्ही बाजूंनी. मॅच थांबली. मेहुणा भिंतीआडून बाहेर आला आणि तोही टाळ्या वाजवायला लागला. फार ओशाळल्यासारखं झालं. कन्या एवढंच म्हणाली, “बाबा.” मी निघालो. नळी पिंपात अडकली ती कन्येनेच सोडवून दिली.

सहा मिनिटं. मॅच सुरू झाल्यापासून सहाव्या मिनिटाला मी बाहेर.

मेलेल्यांचा बाक मी चार वर्षांत पहिल्यांदा जवळून बघितला. तिथे चहा असतो. थर्मासभर. बिस्किटं असतात, चार प्रकारची. सावली असते. दातांची डॉक्टर मुरगळलेला पाय खोक्यावर टाकून कप भरून देत होती. सगळे सरकले आणि मला मधोमध जागा दिली. शेजारच्या मुलीने आदराने विचारलं, काका, पहिल्यांदाच का? म्हटलं, हो. ती म्हणाली, सवय होते. चार वर्षं इथे चहा असतो हे मला कोणी सांगितलं नाही. चार वर्षं दर रविवारी कन्या इथे बसून चहा प्यायली, आणि मी तिकडे उन्हात एकटा चपळाई करत होतो.

पुन्हा शिट्टी झाली, खेळ पुढे चालू. कन्या पिंपांच्या कडेने निघाली. मेहुण्याच्या माणसाने एक गोळी झाडली. मी बाकावरून सगळं बघत होतो, ऊन माझ्या पाठीमागे, दिसायला काही अडचण नव्हती. गोळी तिच्या खांद्यापासून चांगली वीतभर लांबून गेली आणि भिंतीला लागली. एकवीस वर्षं काटे बघतोय. ह्यात माझी चूक होत नाही.

कन्येने हात वर केला. रायफल खांद्याला अडकवून सरळ चालत आली आणि बाकावर माझ्या शेजारी बसली.

मी हळूच म्हटलं, “लागली नाही तुला.”

ती म्हणाली, “लागली, बाबा.”

माझ्या कपातला अर्धा चहा तिने घेतला. मॅच अजून वीस मिनिटं चालली. आम्ही दगडांबद्दल बोललो. कोण जिंकलं ते विचारायचं राहून गेलं.

भाषण खिशात तसंच आहे.

२ एप्रिल, बुधवार. दुपारी १२

गेली. खोकी आधीच पाठवली होती, ‘नाजूक’ मात्र मांडीवर घेऊन बसली.

घर स्वच्छ आहे. आवाज नाही. हिने माझ्या दंडावर मलम लावलं. ही ऍलर्जी नाही, मीच सांगितलं. ही म्हणाली, चार वर्षांपासून माहीत आहे.

मेहुण्याचा फोन. ह्या रविवारी माणूस कमी पडतोय, येता का. येतो म्हटलं. बिस्किटं मी आणतो म्हटलं. तपासणीसाठी ठेवलेली बॅटरी परत देईन असंही म्हटलं.

मग पाणबुड्याचा फोन. बाटलीचं रबरी कव्हर माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलंय म्हणाला, वाजायचं बंद होईल.

नको म्हटलं. उगाच पाठीवर वजन वाढतं.